एरंडेल लावलेला तांदूळ

माझं नाव शालन. म्हायेर पेठ वडगावचं, सासर हितं गडमुडशिंगीत. शिकले चौथीपातूर, पर तांदळातला खडा मला डोळं झाकून घावतोय, खोटं वाटत असंल तर आना सूप. गावाभाईर एका शेटचं तांदळाचं गोडाऊन हाय, तिथं आम्ही बारा बायका तांदूळ निवडायचो आनि मी त्यांची मुकादम. आमचा माल जहाजानं परदेशात जायाचा. कुठल्या देशात ते शेट सांगायचा, पर माझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाय.

तर काय सांगू तुम्हाला पावणं, एकदा गोडाऊन भरलेलं, ट्रक सांगितलेला, आनि सरकारनं तांदूळ भाईर धाडायला बंदी घातली. शेट म्हनला, पाऊस कमी पडलाय, तिकडं लढाया चालल्यात, जगात धान्याचा तुटवडा हाय, म्हून आपला तांदूळ आपल्या मानसांस्नी पुरावा, महाग हू नये. म्हटलं बरोबर हाय की. पर मग मनात आलं, तिकडच्या बायांनी आधन ठेवून काय करायचं, त्यांस्नी पन लेकरं हायती की न्हाय? लई वाईट वाटलं मला. आनि शेट म्हनला, दोन म्हैनं बघतो, न्हायतर गोडाऊन बंद. बारा घरं त्या गोडाऊनवर चाललेली.

त्यात शेट मुंबईला गेलता आनि हिकडं पोत्यांत किडं दिसाय लागलं. आता घरात वर्षाचा तांदूळ भरताना आपन काय करतो? एरंडेल चोळतो. झालं तर मग, बायांस्नी म्हटलं खोचा पदर. चार दिवस नुसतं चोळत हुतो, निम्मं गोडाऊन झालं आनि शेट आला. वास घेतला आनि डोक्याला हात लावून खालीच बसला. आगं शालन, तेल लावलेला माल परदेशात कोन घेनार, बंदी उठली तरी ह्यो गेला की कामातनं. मी म्हटलं शेट, चूक माझी हाय, मला काढा, ह्यांस्नी ठेवा. शेट म्हनला, ते मागनं बघू.

तवर बातम्या ऐकून गावात लोकं घाबरलीती, जो तो वर्षाचा तांदूळ भरून ठेवाय लागलेला. उचगावच्या एक मास्तरीनबाई आल्या, तांदूळ हाय का म्हनल्या. मी भीत भीत मूठभर म्होरं केला. वास घेऊन म्हनल्या, अगोबाई, तेल लावूनच देताय व्हय, मला शाळंतनं येऊन कुठं जमतंय चोळत बसायला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाळंतल्या सगळ्याच आल्या, मग त्यांच्या शेजारनी आल्या. दिवाळीपातूर त्यो निम्मा माल खपला. शेटनं एरंडेलाचा नवा डबा आनून माझ्याम्होरं ठिवला.

आता बंदी उठलीया. एका अंगाला परदेशाचा कोरडा माल, दुसऱ्या अंगाला हितल्या लोकांचा तेलाचा, आनि बाराच्या अठरा बायका झाल्याव आम्ही. पयला ट्रक निघाला तवा मी पोत्यावर हात ठेवून म्हटलं, जा बाबा, उशीर झालाय, आता वाटंत कुठं थांबू नगंस. जे कोन खातील त्यांचं पोट भरू दे.