नाळेची डबी

इस्पितळात नंबर यायची वाट बघणाऱ्या योशिनोबाईंच्या मागेच दोघी बहिणी बसल्या होत्या.

"सुमिए, आईनं आपल्या जन्माच्या नाळा जपून ठेवल्यात, त्या डब्या आणल्यास ना? रीतीप्रमाणे तिच्यासोबत शवपेटीत ठेवायला लागतील."

"हळू बोल, ताई. जिवंत आहे अजून ती. ही घे तुझी."

"आणि ही तुझी? अगं, रिकामी कशी?"

"पहिल्यापासून रिकामीच आहे. सकाळी आईला विचारलं. म्हणाली, तुझी नाळ अजून कापलीय कुठे?"

"तापात बरळली असेल."

"तिला सुई टोचली, की माझ्या पोटात कळ येते."

"लहानपणापासूनची नाटकं तुझी!"

आतून नर्स आली. दोघी बहिणींपुढे कमरेत वाकून उभी राहिली.

"गेली गं आई... चल, सुमिए. सुमिए? अगं, ऊठ ना!"

योशिनोबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.