शिवणीवरची पट्टी

नाही हो, ही सर्दी नाही... ही सोयरीक आहे! आठ दिवस झाले, नाक वाहतंय ते वाहतंय, आणि दुकानात जो येतो तो विचारतो, काय मास्तर, पावसात भिजलात? अहो, कुठला पाऊस! बर्फात भिजलोय बर्फात, आणि तेही स्वतःच्याच हाताने शिवलेल्या... थांबा, असं मधूनच सांगून उपयोग नाही. बसा. तुमच्या पँटचा काठ दुमडून होईपर्यंत ऐका.

तर आमच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, एकच खोड. सगळं घर दर हिवाळ्यात डोंगरावर जातं आणि पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरतं. हौस! माणसाने इतक्या मेहनतीने पायऱ्या बांधल्या, त्या काय उगाच? व्याह्यांचा फोन आला. त्यांचा आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. "व्याहीबुवा, यंदा तुम्ही दोघांनी यायचंच! चार दिवस एकत्र राहू! कपडे नसले तर आमच्याकडचे जुने देतो!" झालं! तीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणारा माणूस मी, आणि मी व्याह्यांचे जुने कपडे घालू? तोंडातून निघून गेलं, "छे छे, आहेत की आमचे!" हिने माझ्याकडे असं पाहिलं... कारण आमच्याकडे काय होतं, तर एक मफलर. तोही हिचा.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, एकच मागते. त्यांच्या कुणाच्या कपड्यांना हात लावू नका." तुम्हाला सांगतो, तिचं चूक नव्हतं. माझा हात स्वस्थ बसत नाही, आणि जीभ तर नाहीच नाही. पहिल्या भेटीत मी विहीणबाईंना म्हणालो होतो, "तुमचा डावा खांदा उतरलाय." मी कोटाबद्दल बोलत होतो हो! त्या बिचाऱ्या दोनदा हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. म्हटलं, नाही लावणार हात. शब्द दिला.

मग कपडे घ्यायला मोठ्या दुकानात गेलो. तिथली मुलगी म्हणते कशी, "सर, हे जॅकेट श्वास घेतं." मी म्हटलं, घेऊ दे बाई, किंमत बघून माझा थांबलाय! ते जॅकेट मी परत हँगरवर इतक्या हळू अडकवलं, जसं झोपलेलं तान्हं पाळण्यात ठेवतात. चार दिवसांसाठी एवढं? अहो, पडायलाच तर जायचंय ना?

शेवटी गेलो जुन्या कपड्यांच्या दुकानात. ढिगाऱ्यात कमरेएवढं शिरून हिने एक जांभळा सूट ओढून काढला आणि मला मिळाला नारिंगी. त्याचा आधीचा मालक बहुतेक कपाटाएवढा असावा. मी घातला तर बाह्या गुडघ्यापर्यंत, आणि आत आणखी एक जावई मावेल एवढी जागा. दुकानदार म्हणाला, "मास्तर, ढिलाच असतो हा, असाच घाला." असाच घाला! मला सांगतोय! हलवायाला साखर शिकवतोय!

घरी आणला, उलटा केला, आणि बघतो तर काय? प्रत्येक शिवणीवर आतून एक पातळ पट्टी चिकटवलेली. म्हटलं, वा रे लबाडांनो! शिवण वाईट म्हणून वरून पट्टी लावून झाकलीय! आपल्याला खपत नाही असलं. सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या, शिवणी उसवल्या, कंबर आत घेतली, बाह्या आखूड केल्या आणि दुहेरी टीप मारली. हिच्या जांभळ्या सुटाचंही तेच केलं. आणि माझी टीप म्हणजे इंचाला बारा टाके, मोजून घ्या! सूट असा बसला, असा बसला... हीसुद्धा म्हणाली, "बरे दिसताय." एवढं कौतुक मी आमच्या लग्नात नव्हतं ऐकलं.

आणि नेमके त्याच वेळी व्याही आले हो दारात! "अरे वा! कुठून घेतलात? आमचे बघा, पोती घातल्यासारखे दिसतो आम्ही!" आता मी गप्प बसायचं की नाही? बसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी माणूस तीन सूट घेऊनच आला, स्वतःचा, विहीणबाईंचा आणि जावयांचा. महागातले, कोरे करकरीत. आता व्याह्यांना नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा? लेकीला दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही... पण मनात आलं, उद्या आपली पोर त्या घरात जाणार, तिच्याआधी आपल्या हातचं काहीतरी जाऊ दे. मनापासून केलं काम. एकूण एक पट्टी सोलली! लेकीला म्हटलं, तुझाही आण. म्हणाली, "बाबा, माझ्या सुटाला हात लावाल तर बघा." जावयांनी दिलेला ना तो!

निघायच्या आदल्या दिवशी हातमोजे घ्यायला त्याच जुन्या कपड्यांच्या दुकानात गेलो, मुद्दाम नारिंगी सूट घालून. म्हटलं बघ, काम कशाला म्हणतात ते. त्याने आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मास्तर... पट्टी कुठाय?"

"काढली. वाईट शिवण झाकायला लावली होती."

"अहो, ती पाणी अडवायला असते! सुईचं भोक पडलं की तिथून पाणी शिरतं, म्हणून वरून पट्टी!"

मी तिथेच हिशोब मांडला. इंचाला बारा टाके, तेही दुहेरी, आणि सूट पाच! एखाद्या अडाण्याने शिवले असते तर भोकं तरी कमी पडली असती हो! माझ्या कसबाने घात केला. लेकीला सांगायचं म्हणून घरी गेलो. ती बॅग भरत होती, गुणगुणत होती. म्हटलं, जाऊ दे, कदाचित कुणी पडणारच नाही.

पडणारच नाही! अहो, पडायलाच तर गेलो होतो ना! मी तर उभा राहायच्या आधीच पडलो. ही माझ्यावर पडली. व्याही वरून गरजत आले, "व्याहीबुवा, गुडघे वाकवाऽऽ" आणि थेट आमच्या दोघांवर! तासाभरात बघतो तर व्याह्यांच्या मांडीवरून ओल चढतेय, आणि कशी? बरोबर माझ्या शिवणीवरून! खडूने रेघ मारावी तशी, सरळ! शिवण सरळ होती याचं एक मन समाधान मानतंय आणि दुसरं म्हणतंय, मोडलं लग्न.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पाच सूट निथळत टांगलेले आणि पाच माणसं पांघरुणात कुडकुडत बसलेली. कोरडी एकटी लेक! व्याही दात वाजवत म्हणाले, "मा-मास्तरांनी एवढं छान बसवून दिलं, पण क-कंपनीचा मालच खराब!" लेक उठली. तिने त्यांचा सूट उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. शिंप्याची पोर ती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. इतकी शरम मला उभ्या जन्मात वाटली नाही.

आणि ती म्हणाली, "हो ना काका, हल्ली कंपन्या फसवतातच."

मग माझ्याजवळ येऊन बसली, आपला कोरडा मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला आणि कानात म्हणाली, "बाबा, एकच मागितलं होतं." माझे डोळे भरून आले. ही विचारते, काय झालं? म्हटलं, सर्दी.

तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण व्याही पांघरुणातून हात उंचावून म्हणाले, "ठरलं! पुढच्या वर्षी कंपनीचं काही नको! कापड मी आणतो, सहाच्या सहा सूट व्याहीबुवा शिवणार!"

कालच कापड टाकून गेले. ते बघा, त्या फळीवर. आता काय करतो? या खेपेला टीप लांब लांब टाकतो, भोकं तरी कमी पडतील... हं, घ्या तुमची पँट. आणि हो, ती घालून बर्फात तेवढे जाऊ नका.