वाळत घातलेल्या राक्षसाबाबत

जबाब देणार: लाँड्रीवाल्या वहिनी. (कागदोपत्री नाव पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत घेतले आहे. त्या नावाने हाक मारल्यास मी ओ देत नाही, म्हणून येथे नेहमीचे लिहावे असे मी सांगितले.) वय ५३ वर्षे. धंदा: कपडे धुणे, वाळवणे, इस्त्री करणे. राहणार: बाजाराच्या मागच्या रस्त्याला, लाँड्रीच्या वर, दुसरा मजला. जबाब सुरू केल्याची वेळ: शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वर नमूद ठिकाणी सासऱ्यांच्या मागे एकतीस वर्षे मी लाँड्री चालवीत आहे. मदतीला माझी धाकटी जाऊ आहे. आलेल्या प्रत्येक कपड्याला डाव्या काखेत आतून लाल दोऱ्याने नंबर घातला जातो आणि गिऱ्हाइकाला त्याच नंबरची पावती दिली जाते. ज्याची पावती त्याला कपडा, हा आमचा एकमेव कायदा आहे. एकतीस वर्षांत एक मोजा हरवला होता. तो सात महिन्यांनी मशीनच्या नळीत सापडला व मी तो गिऱ्हाइकाच्या नव्या घरी नेऊन दिला. तोवर त्यांनी दुसरा मोजा टाकून दिला होता, तो माझा प्रश्न नाही. हे येथे लिहिण्याचे कारण असे की, "सदर प्रकरणाशी तुमचा संबंध काय," असे मला आज सकाळपासून चार वेळा विचारण्यात आले आहे.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता राक्षसदादा दोन पोती घेऊन दुकानात आले. त्यांना सगळे राक्षसदादा म्हणतात. वय साठीच्या आतबाहेर. टीव्हीवर लहान मुलांची जी मालिका लागते, तीत दर भागाच्या शेवटी गुरगुरत येऊन पिठाच्या पिंपात पडणारा राक्षस एकोणीस वर्षे तेच होत आहेत. टीव्हीवर त्यांचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. पोत्यांत राक्षसाचा पोशाख होता: अंग, डोके, दोन शिंगे, शेपूट. वासाबद्दल मी काही लिहून देत नाही. आत एकोणीस वर्षे माणूस घामाघूम होत होता, एवढेच म्हणते.

दादा म्हणाले, "वहिनी, कंपनीनं कॉम्प्युटरवरचा राक्षस तयार करून ठेवलाय. त्याला घाम येत नाही, भूक लागत नाही, त्याची कंबर धरत नाही. शनिवारी सकाळी आठला मी स्वच्छ होऊन उभा राहिलो, तर माझं काम राहील. नाहीतर सोमवारपासून तो." कपड्याबद्दल बोलताना ते 'मी' म्हणाले, हे माझ्या लक्षात आले. मी पावती फाडली. नंबर चारशे सतरा, देण्याची वेळ शनिवार सकाळी सात.

पोशाख चार वेळा गार पाण्यातून काढला. पाचव्या वेळी पाण्यातून पाणीच निघाले. गुरुवारी दुपारी एक वाजता मी व जाऊबाईंनी तो गच्चीवर नेला. ओला झाल्यावर त्याचे वजन इतके होते की जिन्यात दोनदा टेकावे लागले. जाऊबाई म्हणाल्या, "याला घरजावई करून घ्या, उतरवणं होणार नाही."

तो दोरीला उलटा टांगला, कारण सुलटा टांगला तर सगळे पाणी तळव्यांत साठते व तळवे स्पंजाचे आहेत. पंज्यांची बोटे पाठीकडे वळवून चिमटे लावले, कारण टाचेला ऊन लागले पाहिजे. डोळे काचेचे आहेत, ते तडकू नयेत म्हणून वर चंदेरी कागद चिकटवला. आतून वाळावा म्हणून मानेत ब्लोअर बसवला. आणि चारी बाजूंनी चादरी लावल्या. हीही आमची पद्धत आहे. जे कपडे चारचौघांत दिसावेत असे गिऱ्हाइकाला वाटणार नाही, ते आम्ही चादरींच्या आड वाळवतो. लोकांनी आपल्यावर विश्वासाने मळ टाकलेला असतो. त्यानंतर मी तळघरात मशीनपाशी गेले. मशीनच्या आवाजात वरचे काही ऐकू येत नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी समोरच्या शिंप्यांनी आपल्या खिडकीतून गच्चीकडे पाहिले. आमच्यात आठ हातांचा रस्ता आहे. बावीस वर्षे माझे सगळे कपडे तेच शिवतात. त्यांनी मला हाक मारली नाही, टीव्हीला फोन केला. त्यांनी टीव्हीवर जे सांगितले ते जाऊबाईंनी ऐकले व ते असे: एक अक्राळविक्राळ आकृती हवेत उलटी तरंगत आहे, तिचे पाय उलटे आहेत, डोळे पेटलेले आहेत, छाती श्वासाने वरखाली होत आहे, तोंडातून लाळ गळत आहे आणि ती क्षणात दिसते व क्षणात अदृश्य होते. यातले एकही वाक्य खोटे नाही. प्रत्येकाचे कारण मी वरच्या परिच्छेदात दिले आहे. लाळ म्हणजे साबणाचे पाणी. अदृश्य होणे म्हणजे वाऱ्याने हलणारी चादर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तो पाठी तरी असतो. इथे तो समोर दोरीवर होता आणि त्याला चिमटे लावलेले होते.

तीन वाजून पाच मिनिटांनी 'निर्भय' या नावाने ओळखले जाणारे कार्यक्रमवाले आले. हे गृहस्थ दर आठवड्याला एखाद्या रिकाम्या घरात शिरून, "तुम्हाला ऐकू आलं का?" असे विचारतात. कोणालाच ऐकू आलेले नसते, तरी लोक पाहतात. माझे दिवंगत पतीही पाहत असत, ते मी नाकारत नाही. निर्भय व त्यांचे दोन कॅमेरावाले आमच्या जिन्याने वर आले. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, तो धुवायला आलाय!" निर्भय यांनी ओठांवर बोट ठेवले व कॅमेऱ्याला सांगितले की घरातली मंडळी त्याच्या अमलाखाली आहेत.

त्यानंतर त्यांची व पोशाखाची झटापट झाली. ती अकरा मिनिटे चालली. पोशाखाच्या बाजूने कोणी नव्हते, तरी अकरा मिनिटे लागली. सत्तावीस चादरींवर बुटांचे ठसे उमटले. शेपूट मुळापासून उपटली गेली. शेवटी एका कॅमेरावाल्याचा पाय अडकून ब्लोअरची पिन निघाली, हवा गेली आणि पोशाख खाली बसला. निर्भय कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "त्यानं शेवटचा श्वास घेतला." खाली रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वर पोहोचले तेव्हा टाळ्या चालू होत्या. मला फार राग आला, तो अजून गेलेला नाही, असे लिहावे.

गर्दीमुळे ठाण्याचे साहेब आले. ते जिना चढून वर येतात न येतात तोच त्यांच्या हनुवटीखाली माइक धरून विचारण्यात आले, "साहेब, हे नेमकं काय आहे?" साहेबांना दम लागला होता. ते म्हणाले, "अज्ञात प्राणी." हे घरोघरी ऐकले गेले. त्यानंतर पंचनाम्यात तसेच लिहिले, जाळे टाकले, सील लावले आणि पोशाख मुद्देमाल खोलीत गेला. मी पावतीचे अर्धुक दाखवत होते, ते जिन्यात कोणी पाहिले नाही. शेपूट राहून गेली. ती सध्या माझ्याजवळ आहे. कोठे आहे ते सांगणार नाही, नाहीतर तिलाही सील लागेल.

आज सकाळी नऊ वाजता मी ठाण्यात आले व पोशाख परत मागितला. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, हे मी मान्य करते. मग म्हणाले, "वहिनी, मला कळतंय. सील लावतानाच मला अस्तर दिसलं होतं. पण सगळ्यांनी ऐकलंय हो. माझ्या सासूबाईंनी ऐकलंय. त्या काल आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाल्या, जावई धाडसी निघाला."

मी म्हटले, "साहेब, डावी काख उलटी करून बघा. लाल दोऱ्यात चारशे सतरा."

"सील तपासणीवाल्यांनाच फोडता येतं. ते मंगळवारी येणार. त्यांनी 'प्राणी नाही' असं लिहून दिलं, की लगेच तुमचा कपडा तुमच्या हातात."

मंगळवार आणि शनिवार यांत किती फरक आहे हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, नियम आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. ज्याने चादरी तुडवल्या तो आज दुपारी ठाण्यातल्या टीव्हीवर आपल्या दंडावरचा ओरखडा दाखवत होता. तो ओरखडा माझ्या चिमट्याचा आहे.

दुपारी दोन वाजता राक्षसदादा आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "वहिनी, सोडून द्या. कॉम्प्युटर तर कॉम्प्युटर. नाहीतरी गुडघे बोलायला लागलेच होते." मी त्यांना सांगितले, "तुम्ही गप्प बसा. पावती माझ्या सहीची आहे." हे मी गिऱ्हाइकाशी ज्या आवाजात बोलू नये त्या आवाजात बोलले. त्याबद्दल नंतर त्यांची क्षमा मागितली.

चार वाजता मी पुन्हा साहेबांसमोर गेले आणि हा जबाब लिहून घेण्याची मागणी केली. विचार करायला मला सात तास मिळाले होते. मी म्हटले, "साहेब, तुमचा पंचनामा खरा धरू. तो प्राणीच आहे. मग एखाद्याचं पाळीव जनावर रस्त्यात पकडलं आणि मालक आला, तर तुम्ही काय करता?"

साहेब म्हणाले, "खात्री पटली तर सुपुर्दनामा करून मालकाच्या ताब्यात देतो." मग ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी!"

मी म्हटले, "लिहा."

तरी मी लिहून देते की, पंचनाम्यात ज्यास 'अज्ञात प्राणी' म्हटले आहे, तो मला ज्ञात आहे. तो मंगळवारपासून माझ्या सांभाळात होता. गुरुवारी तो मोकाट सुटलेला नव्हता, माझ्या गच्चीवर बांधलेला होता. निर्भय यांनी माझ्या घरात शिरून बांधलेल्या जनावरावर हात टाकला, त्याबद्दल माझी वेगळी तक्रार आहे व ती मी सोमवारी देणार आहे. आयुष्यभर मी कपड्याला कपडा म्हणत आले. आज एका कपड्यासाठी त्याला जनावर म्हणायची वेळ आली. पण वेळ पाळायची असेल तर शब्दावर अडून बसून चालत नाही.

सुपुर्दनाम्याचा छापील कागद हवालदारांनी काढला. त्यातले प्रश्न त्यांनी विचारले व मी खरी उत्तरे दिली. चावतो का? नाही. काय खातो? आजवर काही खाताना पाहिलेले नाही. दावे तोडून पळण्याची सवय आहे का? नाही, त्याला उचलून न्यावे लागते. आजारी आहे का? नुकतीच अंघोळ झाली आहे. मालकाचे नाव? येथे मी बाकाकडे बोट केले व दादांना आत बोलावण्यात आले. जनावराचे वय? दादा म्हणाले, एकोणीस.

त्यापुढचा रकाना स्वभावाचा होता. याचे उत्तर मला देता येईना. मी त्याला धुतले आहे, पण त्याचा स्वभाव मला माहीत नाही. मग दादाच म्हणाले, "गरीब आहे हो साहेब. दिसतो तसा नाही. पोरांना हसू यावं म्हणून रोज पडतो. एकोणीस वर्षांत त्यानं एकाही पोराला रडवलं नाही. एकदा एक लहानगी घाबरली होती, तर शूटिंग थांबवून तिच्याशी लपंडाव खेळत बसला."

हवालदारांनी रकान्यात 'गरीब' असे लिहिले. मुद्देमाल खोलीची किल्ली साहेबांनी स्वतः काढली. संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी सील न फोडता, जाळ्यासकट जनावर मालकाच्या ताब्यात देण्यात आले. दादांनी ते दोन्ही हातांनी कवेत घेतले. त्यांचा शर्ट भिजला. हवालदार दुसऱ्या बाजूने धरायला गेले तेव्हा ते "नको, सवय आहे" म्हणाले. काखेत व मानेत अजून ओल आहे. ती रात्रीतून वाळवणे व शेपूट शिवून देणे ही जबाबदारी माझी आहे. सकाळी सातला नंबर चारशे सतरा तयार असेल.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. स्वभावाच्या रकान्यापाशी ते थांबले व म्हणाले, जनावराच्या कागदात ते पोराबाळांचे नको, खोडू का. खोडू नये असे मी सांगितले. बाकीचा मजकूरही माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.