फुकटचा पंखा

आमच्या धाड गावच्या रफिकभाईचं ऐका. कपाशीच्या बियाण्याचा जुना दुकानदार. कापसाच्या वायदेबाजारातले सौदे घरूनच ऑनलाइन करायचे म्हणून माझ्या दुकानातून कॉम्प्युटरचा एकेक भाग पारखून नेला आणि स्वतःच जोडला. भाव चढला त्याच दिवशी फोन आला, "शेठ, गाठी विकाच्या हायेत अन् मशीन तापून बंद पडून राह्यली."

"प्रोसेसरसोबतचा पंखा बसवला ना?"

"तो फुकटवाला? फेकला. बीटी कपाशीच्या थैलीत साध्या बियाण्याचं पाकीट फुकट येते, ते कोणी पेरते काय?"

पंखा घेऊन मी पोचेपर्यंत भाव उतरला होता. वर मलाच म्हणतो, "चूक तुमची हाय. पैसे लावले असते तं बसवला नसता काय?"

आता मी पंख्याचे वेगळे पैसे लावतो. सगळे बसवतात.