बिनपाव्हण्याचा रस्ता

...नाई, मले एक सांगा, माणूस घरून निघते कायच्यासाठी? जिथं जायाचं तिथं पोहोचाले, का नाई? मंग आमच्याच नशिबात हे काऊन लिहून ठेवलं, का निघाचं एकीकडं अन् पोहोचाचं भलत्याच्याच बैठकीत, हातात चहाची बशी, समोर पोह्याची ताटली, अन् घरवाले म्हणून राह्यले, "घ्या ना, काईच घेतलं नाई तुमी." तुमाले सांगतो, सत्तरी पार झाली माही, पण मी बसलो ती गाडी कधी नाकासमोर गेली नाई. जरा कुठं चाक मोकळं पळाले लागलं का मांगून आवाज येतेच, "आवो, रस्त्यातच तं हाय."

रस्त्यातच तं हाय. बस. झालं. गाडी वळली.

आता हे न्यूझीलंडचंच घ्या. हसू नका. हाव, न्यूझीलंड. ज्याचं मलकापूरच्या बाजाराच्या पलीकडं कधी काम पडलं नाई तो मी उकंडराव न्यूझीलंडले चाल्लो. चौथीत मास्तरनं कान पिरगाळला अन् मी दप्तर तिथंच ठेवून घरी आलो, ते दप्तर अजून तिथंच असन. मले नकाशातलं एवढंच समजते का निळं असन तं पाणी. पण न्यूझीलंड समजाच्या आंधी तुमाले लोणार समजलं पाह्यजे. त्याबिगर तुमी म्हणसान बुढा येडा झाला.

लोणार आपल्याच जिल्ह्यात. आभाळातून दगड पडला म्हणे, अन् खड्ड्याचं तळं झालं. दुनिया पाहाले येते. गोरे लोक येतेत, टोप्या घालून, उन्हानं लाल होऊन. अन् आमची बुढी, सत्यभामा, लग्न होऊन आली तवापासून म्हणून राह्यली, "एकदा लोणार दाखवा." कधी मिरची तोडाची राहे, कधी मका काढाचा राहे. शेवटी पोराचं, शेखरचं लग्न झालं, त्या साली म्हणलं, चला. माह्या पुतण्याची, गजेंद्रची गाडी केली. दिवस निघाच्या आंधी निघालो. लवकर निघालो म्हणजे लवकर पोहोचू, असं वाटलं. वाटते माणसाले.

मोताळ्याहून राजूर घाट चढलो, बुलढाणा आलं. बुढी म्हणे, "बहिणीचं घर रस्त्यातच तं हाय. नाई गेलो तं काय म्हणन ते?" गेलो. चहा, पोहे, साडूच्या गुडघ्याची हकिगत. चिखली आली. गजेंद्र म्हणे, "काका, माह्या मावशीचं घर रस्त्यातच तं हाय." गेलो. ते मावशी तं म्हणे, "पाणी तापवलं हाय, अंघोळ्या करून घ्या." अंघोळ! आमी घरून करून निघालो होतो हो. मंग मेहकर. मेहकरले कोणाले म्हणाचं कामच नाई पडलं, ते शेखरची सासुरवाडी. व्याह्याच्या दारावरून गाडी नेली अन् आत नाई गेलो तं पोरगी केली कायले? गेलो. व्याही म्हणे, "असे कसे जाता?" अन् विहीणबाईनं आमच्या डोळ्यासमोर पुरण शिजाले टाकलं. आता शिजाले टाकलेल्या पुरणासमोरून कोणी उठून जाऊ शकते काय? तुमीच सांगा.

लोणारले पोहोचलो तं अंधार. गजेंद्र हात करून म्हणे, "ते पाहा काकू, तळं." बुढीनं पाह्यलं. वर काळं, खाली काळं. एक जण शेळ्या घेऊन घरी चाल्ला होता, तो म्हणे, "बॅटरी नाई आणली काय बुढेबाबा?" तळं पाहाले कोणी बॅटरी घेऊन जाते काय? बुढी कठड्याले धरून उभी राह्यली. लई वेळ उभी राह्यली. मंग म्हणे, "वास येते पाण्याचा." अन् गाडीत येऊन बसली.

मंग पुन्हा काऊन नाई गेले, असं तुमी म्हणसान. जातो कसा? रस्ता तोच, पाव्हणे तेच. त्यात चिखलीची मावशी रुसलेली, का मांगच्या टायमाले तापवलेलं पाणी वाया गेलं.

तं ह्या दिवाळीले शेखर पुण्याहून आला, सून मयुरी आली. पोरानं भितीवरच्या टीव्हीत नकाशा काढला. म्हणे, "बाबा, आपण चौघं न्यूझीलंडला जाऊ. थोडेच दिवस. भाड्यानं गाडी घेऊ, मी चालवीन. तिकडंही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात." मी म्हणलो, "जायाचं कुठी?" म्हणे, "तसं कुठंच नाही. तो रस्ताच बघण्यासारखा आहे." ऐका. डांबराचा रस्ता पाहाले समुद्र ओलांडून जायाचं. आमच्या रस्त्यातले खड्डे पाहाले कोणी येते काय?

मयुरी समजावून सांगे, "बाबा, मधे मधे गाडी थांबवायला जागा केलेल्या असतात. डोंगर दिसतो, बर्फ दिसतो, तिथं थांबायचं." मी म्हणलो, "थांबून कराचं काय?" "काही नाही. बघायचं." "कोणी भेटाले येते?" "नाही." "चहा?" "आपला आपण न्यायचा." गाडी कायले थांबते हे मले माईत हाय. चाक फुटलं का थांबते, म्हैस आडवी आली का थांबते, अन् पाव्हण्याचं घर आलं का थांबते. पण काईच झालं नाई अन् गाडी थांबली, माणसं उतरली, डोंगराकडं पाह्यलं, पुन्हा बसली... हे कधी आपल्या घरात झालं का? डोक्यातच नाई बसलं माह्या. पण बसलं नाई म्हणून ते डोक्यातून जाये बी ना.

मंग मी मुद्द्याचं विचारलं. "शेखर, तिथं आपलं कोण हाय?"

"कोणीच नाही."

"नीट आठव. तुह्या मायकडचं?"

"नाही हो बाबा."

"व्याह्याकडचं?"

मयुरी हसली. "कोणी नाही बाबा."

"अख्ख्या रस्त्यावर एकही पाव्हणा नाई?"

"एकही नाही."

तेवढ्यात आतून लसूण सोलता सोलता बुढी बोलली, "मंग चला." बाहेर आली, पदराले हात पुसले, त्या टीव्हीत निळं दिसे तिथं बोट लावलं. "हे काय हाय?" "तळं आहे आई. पाठीमागं बर्फाचे डोंगर." बुढी म्हणे, "मले दुसरं काई नको बापू. एक तळं मले उजेडात दाखव. सकाळपासून. त्या दिशी दुसरं काई ठेवजो नको. ना जाणं, ना येणं, ना कोणाले चहा." शेखर म्हणे, "तुझा तो दिवस पक्का." तवा मले समजलं बाप्पा, तिले लोणार अजून दिसून राह्यलं होतं. न दिसलेलं.

अन् म्हणून मी हाव म्हणलो. मले ना बर्फाचं काई घेणं, ना डोंगराचं. बिनपाव्हण्याचा एक रस्ता दुनियेत हाय, तो पाहाले मी तयार झालो.

शेखर जाता जाता म्हणे, "बाबा, गावात कोणाला सांगू नका." मी कोणालेच नाई सांगितलं. फक्त पंजाबरावले सांगितलं. सांगा लागे ना, मिरचीले पाणी कोण देईन? त्याचं वावर माह्या बांधाले लागून, पोट्टे होतो तवापासूनचा माणूस. तो म्हणे, "पाणी देतो मी, जाऊन ये." दुसरं काई बोलला नाई. फक्त जरा थांबून म्हणे, "न्यूझीलंड का?" मी म्हणलो, "हाव." म्हणे, "बरं." अन् मोटार सुरू कराले गेला.

दुसऱ्या दिशी अख्ख्या गावाले माईत. गजेंद्र आला. "काका, माह्या साळ्याचा दोस्त तिकडं हाटेलात हाय. त्याले नुसतं भेटून घ्या, रस्त्यातच तं हाय." मी म्हणलो, "तू तो नकाशा पाह्यला काय बे?" म्हणे, "न्यूझीलंडचाच तं हाय ना तो?" मंग शेजारची छाया आली, लोणच्याची बरणी घेऊन. तिच्या नणंदेची पोरगी तिकडं शिकून राह्यली. "काका, दारात बरणी ठेवली तरी चालन, रस्त्यातच तं हाय." मी एकाएकाले वाटे लावून राह्यलो. ज्याले वाईट वाटाचं त्याले वाटू द्या. तोंड माहं तसंच फाटकं, मी म्हणलो, त्या दिवसाले कोणी हात लावाचा नाई, तो तळ्याचा हाय. माह्या घराच्या ओट्यावर मी असा बसलो जसा मळ्यात राखणीले बसतो. सगळे गेले. वाटलं, जिंकलो.

मंग सिंधूताई आली. पंजाबरावची बायको.

त्याईचा धम्मरत्न बाहेरदेशात हाय हे मले माईत होतं, पण मी समजे ऑस्ट्रेलियात. सिंधूताई म्हणे, आंधी तिथंच होता. तिथून उठून न्यूझीलंडले दुधाच्या कारखान्यात कधी गेला, हे पंजाबराव बोलला नाई. बांधावर रोज भेटते, बोलला नाई. अन् काल बी फक्त "बरं" म्हणला.

सिंधूताईनं पिशवीत मुंगाच्या वड्या आणल्या होत्या. बुढीनं शेखरले फोन लावला, आवाज मोठा केला. शेखर म्हणे, "काकू, तिकडं विमानतळावर खायचं काही फार कडक तपासतात. उगाच काढून टाकतील." सिंधूताई म्हणे, "हाव का. बरं." नवराबायको दोघं एका साच्यातले. पिशवी मांडीवर घेऊन बसली. उठे बी ना.

मंग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणे, "कोरोनाच्या आंधी आला होता, त्यानंतर नाई आला. सुट्टी मिळत नाई म्हणते. रोज फोन करते, तसा चांगला हाय. पण घर नाई दाखवत. मी म्हणते, फोन फिरव जरा, मले खोली पाहू दे, तं म्हणते, काय पाहाचं त्यात. मांगं नुसती पांढरी भीत दिसते. जेवते तं कागदाच्या डब्ब्यातच जेवते. रोज. ताट नाई का बाप्पा त्याच्याजवळ?" अन् बुढीकडं पाहून म्हणे, "तुमी जाऊ नका हो त्याच्याकडं. तुमचं फिरणं हाय. मी सहज सांगून राह्यली."

बुढीनं फोनात विचारलं, "शेखर, ताट नेलं तं चालते का? स्टीलचं?"

"ताट चालेल. पण आई, कोणासाठी?"

सिंधूताई उठली अन् घरी गेली. आली तं हातात ताट. धम्मरत्न दहावी पास झाला तवा घेतलेलं, काठावर त्याचं नाव कोरलेलं. घासून आणलं होतं, ओलंच होतं अजून.

शेखरनं तिकडं नकाशा काढला. पत्ता विचारला. मंग म्हणे, "आई, हे आपल्या रस्त्यात नाहीये. एकदम उलट्या बाजूला, खाली समुद्राकडं. जाऊन यायचं म्हणजे तुझा तळ्याचा दिवस जाईल."

बुढी म्हणे, "रस्त्यातच तं हाय."

"अगं, मी बघतोय ना. नाहीये."

"रस्त्यातच हाय म्हणते ना मी."

तुमाले सांगतो, मी तोंड उघडलं होतं. एवढ्या लोकाईले ज्या तोंडानं वाटे लावलं तेच तोंड. म्हणणार होतो, सत्यभामे, लोणारले काय झालं विसरली का? पण ते ताट तिच्या मांडीवर होतं, अन् बुढी पदरानं त्याचं पाणी टिपून राह्यली होती, कोरलेल्या अक्षरातलं बी, बोट घालून घालून. अन् सिंधूताई तिकडं खांबाकडं पाहे. मी फोन हातात घेतला. म्हणलो, "शेखर, मायचं ऐक. रस्त्यातच हाय ते."

रात्री पंजाबराव आला, ओट्यावर बसला. बायकोवर चिडला होता. "तिले काई समजत नाई. तुमी तुमचं फिरा." मी म्हणलो, "तू मिरचीचं पाहाय, मले रस्ता नको शिकवू." तो बसला तसाच. जाता जाता म्हणे, "त्याच्या घराले खिडकी हाय का, तेवढं पाहून ये."

आता शेखर रोज समजावते. "बाबा, काळजी नको. आपल्या हिवाळ्यात तिकडं उन्हाळा असतो, सूर्य फार उशिरा मावळतो. धम्मरत्नकडं नुसता चहा घ्यायचा अन् निघायचं, आईला तळं उजेडात दिसेल." नुसता चहा! मोताळा तालुक्याचं पोट्टं, बांधावरचे काका-काकू दारात, मायनं धाडलेलं ताट त्याच्या हातात, अन् तो नुसता चहा पाजन? काई ना काई शिजाले टाकन. त्यानं नाई टाकलं तं आमची टाकन, पदर खोचून, का ह्या ताटात पहिलं जेवण गरम पाह्यजे म्हणून. सूर्य तिकडं उशिरा मावळत असन, मी नाई म्हणत नाई. पण त्या सूर्याले अजून आपले लोक माईत नाईत.

काल बॅग भरली. खाली ताट ठेवलं, त्यावर बुढीचं लुगडं ठेवलं. अन् कोणाले न सांगता मी बाजूच्या खिशात बॅटरी टाकली.