घोड्याचा केस

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या बद्रीनाथच्या कानावर शेजारी बसलेल्या खुलताबादच्या नवरा-बायकोचं बोलणं पडलं.

“सारजे, रिपोर्ट आला. माझी साधी चामखीळ हाये. कॅन्सर नाय.”

“देव पावला!”

“छावणीतल्या टांगेवाल्याकडून घोड्याचा केस आणला व्हता. बांधला असता की गळाली असती.”

“अन् कॅन्सर असता मंग? तुकडा तपासल्याबिगर कळलं असतं का?”

“म्हणून तर तुझं ऐकलं. लई उपकार झाले.”

“उपकार राहू द्या, चहा पाजा.”

“पाजतो की. पाव्हणं, तुमी एकलेच?”

“व्हय,” बद्रीनाथ म्हणाला. “बायकोच्या पायावरच्या तिळाला मीच केस बांधला व्हता. कॅन्सर निघाला. गेली.”

“अरारा! अन् आता तुमाला काय?”

“पाठीवर तीळ हाये. तिनंच पाहिला. जायच्या आधी म्हणली, याला केस बांधू नका, दाखवून या.”