आतली कडी

तिसऱ्याच देशाच्या व्हिसा कचेरीत ती रांगेत उभी होती. पर्समध्ये नवऱ्याला आलेलं साक्षीचं बोलावणं होतं. दोन देशांच्या हद्दीवर बुडवलेल्या बोटीतला तो एकटाच खलाशी वाचला होता, आणि बोट कोणी बुडवली हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे एक कुलूपवाला आणि त्याचा मेव्हणा बोलत होते.

"दाजी, कुलपं बसवायला परदेशात? तिकडचे कारागीर संपावर गेले की काय?"

"त्या बोटीच्या चौकशीचं हॉटेल आहे. जागेवरून दोन्ही सरकारं आठ महिने भांडली. शेवटी म्हणे तटस्थ जागा. कामगारही निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे."

"म्हणजे तुम्ही आपल्या बाजूचे तटस्थ."

"दात काढू नकोस. साक्षीदाराच्या खोलीला दोन किल्ल्या करायच्यात. एक आपल्या शिपायाकडे, एक त्यांच्या."

"आणि साक्षीदाराकडे?"

"त्याच्याकडे घंटी."

"मग तो बिचारा आतून कडी लावून घेईल."

"कडी काढून टाकायची आहे. तसं लेखी आलंय, खाली दोघांच्या सह्या."

"चला, एवढ्यावर तरी एकमत झालं."

"आठ महिन्यांत एवढ्यावरच."

शिक्के घेऊन दोघे निघून गेले.

"या बाई. कुणाचा व्हिसा?"

तिने बोलावणं पर्सच्या तळाशी दाबलं.

"नवऱ्याचा हवा होता, साहेब. पण तो बोटीबरोबरच बुडाला."